काळं लिंबू

आमच्या बाबांना गावात भिंगकाका म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. फोटो स्टुडिओ आता मी चालवते. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, फाटक्या जुन्या फोटोंची डागडुजी, असलं सगळं. बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसून युद्धातली विमानं ओळखतात. कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या मामांचा मळका फोटो येतो, मागे कुठेतरी शेपूट नाहीतर पंख्याचं पातं दिसत असतं, आणि बाबा भिंग लावून सांगतात की हे अमुक जातीचं बॉम्बर, अमुक तुकडीचं. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर येतं. तेच तर वाईट. सारखं बरोबर येणाऱ्या माणसाला थांबवायचं कुणी?

गणिताच्या बाई फोटो घेऊन आल्या तेव्हा मी उठून उभी राहिले. माझे केस पिकायला लागलेत, पण बाईंसमोर बसून राहायची माझी अजून टाप नाही. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल तर त्या शून्य द्यायच्या, आणि रडलं तर वर म्हणायच्या, रडून झालं की परत सोडव. पाठीत वाकल्या होत्या, पण आवाज तोच होता. त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेला फोटो काढून बाबांच्या टेबलावर ठेवला.

बॉम्बरच्या शेपटाजवळ कातडी जाकिटं घातलेले सहा तरुण उभे होते. कडेपासून दुसरा, गळ्यात मफलर असलेला, तो बाईंचा दादा. चेहऱ्यावर टोपीची सावली होती. बाईंना त्याचा चेहरा आठवत नव्हता, दादा गेला तेव्हा त्या जेमतेम शाळेत जायला लागल्या होत्या. आई म्हणायची हा तो, म्हणून हा तो.

ही गोष्ट आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगते. युद्धाच्या वेळी गिरणीच्या पलीकडे विमानतळ होता. एका धुक्याच्या पहाटे तिथून दोन बॉम्बर निघाली आणि दोन्ही परत आली नाहीत. मात्र कायमची नाहीशी होण्याआधी त्यातलं एक मागे वळून गावावर आलं, अगदी खालून गेलं, आणि त्याच्या पोटातले बॉम्ब आमच्याच विणकर गल्लीवर पडले. बिघाड होता की धुक्यात फसगत झाली, ते कुणालाच कळलं नाही. गल्लीची एक बाजू उरली नाही. गिरणीच्या गच्चीवरच्या पहारेकऱ्यानं पेटलेल्या घरांच्या उजेडात विमानाच्या शेपटावरचा पट्टा पाहिला. तो काळा होता. दोन विमानांपैकी एकाचा पट्टा पिवळा आणि एकाचा काळा, हे तळावरच्या सगळ्यांना माहीत होतं. एका विमानात बाईंचा दादा होता आणि दुसऱ्यात आमच्या औषधवाल्याचे थोरले काका. कोण कुठल्या विमानात, ते सांगणारे कागद तळाच्या कचेरीबरोबर जळाले, आणि सांगू शकणारी माणसं युद्ध संपताच पांगली.

उरला हा एक फोटो, आणि त्यात दादाच्या मागचा पट्टा दिसतो काळा. मग काय, गावानं निकाल लावून टाकला. चौकात शहिदांचा दगड उभारला तेव्हा त्यावर थोरल्या काकांचं नाव लागलं, दादाचं लागलं नाही. बाईंची आई मरेपर्यंत त्या चौकातून गेली नाही. बाजारात जायला वळसा घालायची.

बाईंनी बाबांना एकच विचारलं. हा पट्टा खरंच काळा आहे का, हे खात्रीनं सांगता येईल का? आणि म्हणाल्या, काळाच असेल तर तसं सांगा, मला उत्तर सोसतं.

बाबा कामाला लागले. जात लगेच ठरली, दोन फाट्यांचं शेपूट आणि त्यामागची मशीनगनची काचेची घुमटी म्हणजे दुसरं काही असूच शकत नव्हतं. पण विमानाचा नंबर पोरांच्या बुटांआड आणि गवतात गेलेला. बाबा दोन दिवस धुसफुसत बसले. मग एकदम मला हाक मारून म्हणाले, फिल्म. मला लगेच कळलं, कारण मी त्यांच्याच हाताखाली अंधाऱ्या खोलीत शिकले आहे. जुन्या पद्धतीच्या फिल्मला पिवळा आणि लाल नीट दिसत नाही. त्या फिल्मवर निळं पांढरं येतं आणि पिवळं काळपट येतं. म्हणजे काळा दिसणारा पट्टा पिवळाही असू शकतो.

असू शकतो. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण फोटो कुठल्या फिल्मवर काढलाय हे कळायला बाबांनीच मला शिकवलेला एक नियम आहे. आधी फोटोत एखादी अशी वस्तू शोध जिचा रंग तुला पक्का ठाऊक आहे, मग बाकीच्या रंगांबद्दल तोंड उघड. बाबा म्हणाले, मफलर आहे ना, वैमानिकांचे मफलर पांढरे रेशमी असायचे, तो पांढराच दिसतोय, झालं. आता पांढरं कुठल्याही फिल्मवर पांढरंच येतं, त्यावरून काडीचं काही ठरत नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मीही हुरळून गेले होते.

वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. कागदपत्रांच्या नकला काढायला वापरतात ती फिल्म जुन्या फिल्मसारखीच आंधळी असते, ती मी मागवली. बाबांनी तिच्यावर एका लिंबाचा फोटो काढला, शेजारी निळं झाकण ठेवून. मी तो धुऊन भिंतीएवढा मोठा करून दिला. पडद्यावर कोळशासारखं लिंबू आलं आणि त्याच्याजवळ पांढरंशुभ्र झाकण. बाबांनी खिशातून तेच पिवळंधम्मक लिंबू काढून वर धरलं आणि म्हणाले, "काळं दिसतं ते सगळं काळं नसतं." लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. पहिल्या रांगेत बाई रडत होत्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. टाळ्या मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

दगडाच्या समितीनं ठराव केला, पाथरवटाला बोलावणं गेलं. पेपरात काळ्या लिंबाचा फोटो आला. बाबांनी तो कापून काचेखाली लावला.

आता, दोनातून एक गेला की एक उरतो. दादाचा पट्टा पिवळा तर थोरल्या काकांचा काळा. हे हॉलमध्ये कुणी बोललं नाही, पण बोलायची गरजही नव्हती. त्याच आठवड्यात औषधवाल्याच्या शटरवर कुणीतरी डांबराचा आडवा पट्टा ओढला. विणकर गल्लीतले लोक औषधाला पलीकडच्या दुकानात जायला लागले. थोरल्या काकांचं नाव दगडावरून काढायचं की ठेवायचं यावर समिती विचार करतेय, असं कानावर आलं.

औषधवाला माझ्या वर्गातला. तेव्हाही त्याला गोळी म्हणायचे, कारण तो गोल होता. पुढे वडिलांच्या दुकानात बसला तेव्हा नाव चपखलच बसलं. दुपारच्या वेळी तो स्टुडिओत आला. नखांत डांबर होतं. रॉकेलनं पुसायला गेला तर ते आणखी फासलं गेलं, असं हसत सांगत होता, पण हसू काही खरं नव्हतं.

"काका, पक्कं आहे ना?" त्यानं विचारलं. "तुम्ही पक्कं म्हणालात तर मी गप्प बसेन. पण मुलगी शाळेत जात नाही म्हणते."

"लिंबू बघितलंस ना?"

"लिंबू बघितलं. पण त्या फोटोला तीच फिल्म होती, हे कशावरून?"

नेमका प्रश्न होता. आमच्या धंद्यातल्या माणसानं विचारावा असा. बाबांनी भिंग खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. "तू गोळ्या मोज," ते म्हणाले, "फोटो मी बघतो."

मी काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत होते. गोळीनं माझ्याकडे पाहिलं. मी कटरकडे पाहिलं. तो गेल्यावर बाबा म्हणाले, भलताच आगाऊ झालाय. मी त्यावरही काही बोलले नाही, आणि तेव्हापासून मला माझीच चीड येत राहिली.

पाथरवटानं चौकात पाल ठोकून काम सुरू केलं, आणि त्याच दिवशी बाई पुन्हा आल्या. हातात पुडकं होतं. म्हणाल्या, तुमचे उपकार कसे फेडायचे मला समजत नाही, माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही. पुडक्यातून त्यांनी लोकरीचा मफलर काढला. दादा शेवटचा घरी आला तेव्हा गोंडे उसवले होते म्हणून आईकडे दुरुस्तीला टाकून गेला होता. आईनं तो पेटीत तळाशी ठेवला, उजेड लागू दिला नाही, म्हणून रंग जसाच्या तसा. "फोटोत त्याच्या गळ्यात आहे तोच," बाई म्हणाल्या, आणि उभं राहून त्यांनी तो स्वतःच्या हातांनी बाबांच्या गळ्यात गुंडाळला.

मफलर पिवळा होता. पिकल्या लिंबासारखा पिवळा.

बाबा हात जोडून उभे. त्यांच्या तोंडाकडे पाहूनच मला समजलं की त्यांनाही समजलंय. बाईंना वाटलं ते गहिवरलेत. त्यांनी बाबांच्या दंडावर थोपटलं आणि निघून गेल्या.

मी फोटो उचलून भिंगाखाली धरला. इतके दिवस रेशमी म्हणून ज्याच्याकडे आम्ही नीट पाहिलंच नव्हतं तो मफलर लोकरीचा होता. विणीतले शंकरपाळे दिसत होते, टोकाजवळचं रफूही दिसत होतं. बाबांच्या गळ्यातल्या मफलरवरही त्याच जागी रफू होतं. पिवळी लोकर फोटोत जवळजवळ पांढरी आली होती. म्हणजे या फिल्मला पिवळं नीट दिसत होतं. पट्टा पिवळा असता तर तोही पांढरट आला असता. तो काळा दिसत होता, कारण तो काळा होता. गावातल्या अडाण्यातल्या अडाणी माणसानं आधी जे पाहिलं तेच खरं होतं. चुकायला आमच्याएवढं शिकावं लागलं.

"तसाच दुसरा एखादा पांढरा असेल," बाबा म्हणाले.

"आणि रफूही तसंच?"

ते खाली बसले. थोड्या वेळानं म्हणाले, दगडावर एक नाव जास्त लागलं तर कुणाचं काय जातं? मी म्हटलं, गोळीच्या दुकानावरून एक चक्कर मारून या. मग म्हणाले, म्हातारीचे दिवस किती राहिलेत, समाधानानं जाऊ दे बिचारीला. बाईंना त्यांनी म्हातारी कधी म्हटलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुम्हाला म्हातारीची काळजी नाही," मी म्हटलं. "तुम्हाला लिंबाची काळजी आहे."

बापाला असं बोलायला नको होतं, पण बोलले. त्यांनी मफलर काढला, घडी घातली, उलगडला, परत घडी घातली. कुठे ठेवायचा तेच त्यांना सुचेना. शेवटी मांडीवर घेऊन बसून राहिले. मला त्यांची लाज वाटत होती, आणि ती लाज वाटून घ्यायचा मला हक्क नाही हेही कळत होतं. तो हॉलमधला फोटो मीच धुतला होता. एक साधा प्रश्न, बाई, मफलरचा रंग कुठला, तो मीही विचारला नव्हता.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आम्ही बाईंकडे गेलो. बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या, त्यावर आम्ही बसलो, त्या पलंगाच्या काठावर बसल्या. बाबांनी सुरुवात केली ती फिल्मच्या रसायनांपासून. मग काचेच्या प्लेटा, मग कारखाने, मग उन्हाचा कोन. बाई ऐकत होत्या. मला ते ऐकवेना. मीच सांगितलं की पट्टा काळा आहे, आम्ही चुकलो.

बाईंनी फोटो मागून घेतला. मफलरकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही, आयुष्यभर मुलांच्या चुका तपासलेली बाई ती.

"तुम्ही मला मफलरचा रंग विचारला नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही," बाबा म्हणाले.

"मी सांगितला असता."

 खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत होतं. मग बाईंनी विचारलं, "पण हा दादाच ना?"

बाबा म्हणाले, हो, त्यात आता शंकाच नाही, रफूसकट मफलर जुळतोय. बाईंनी मान हलवली. "मला आत वाटायचं की आईचीच चूक असेल," त्या म्हणाल्या. "हा भलताच कुणीतरी असेल, आणि आमचा दादा दुसऱ्या विमानात असेल. लहानपणापासून हीच एक पळवाट होती." त्यांनी फोटो रुमालात बांधला. ती पळवाटही आम्ही बुजवली होती, आणि तीही त्यांनीच दिलेल्या भेटीनं.

बाबा म्हणाले, समितीला मी सावकाश कळवतो, सवडीनं, गाजावाजा न करता. बाई उठल्या आणि चपला पायात सरकवू लागल्या. म्हणाल्या, समितीचं नंतर. आधी गोळीकडे.

त्या पुढे, आम्ही मागे. शाळेत असताना मुख्याध्यापकांकडे नेतात तसं. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, शटरवरचा डाग ओल्या शाईसारखा पसरलेला. बाई काउंटरशी ताठ उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"तुझ्या काकांचं नाव आहे तिथेच राहील. पट्टा आमच्याच दादाच्या विमानाचा काळा होता. भिंगकाकांना मी मफलर उशिरा दाखवला, म्हणून त्यांचा हिशेब चुकला. चूक माझी आहे."

जिनं आयुष्यभर आमच्या एकेका खोट्यावर लाल रेघ मारली ती बाई भर दुकानात खोटं बोलली, आणि ते आमच्यासाठी. गोळी हातातली बाटली तशीच धरून उभा राहिला. एक गिऱ्हाईक बाबांकडे वळून हळहळलं, तुमचा काय दोष काका, माहितीच अपुरी दिली तर तुम्ही तरी काय करणार. दुसऱ्यानं मान डोलावली. बाबांनी ते मान डोलावणं पाहिलं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी सगळं निभावून गेलं असतं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, बोला, बाबा, बोला.

"त्या खोटं सांगताहेत," बाबा म्हणाले.  "त्यांनी दाखवला नाही, कारण मी विचारलं नाही. आणि हा मला विचारायला आला होता, तेव्हा माझी खात्री नव्हती. मी खात्री आहे असं भासवलं."

 हळहळणारं गिऱ्हाईक फळीवरच्या बाटल्या वाचू लागलं. गोळीनं बाबांकडे पाहिलंच नाही. आतून स्टूल आणून बाईंसाठी ठेवलं, पाण्याचा पेला दिला. बाई बसल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, बसायला वेळ नाही, पाथरवटानं दादाचं पहिलं अक्षर कोरलंय, दुसरं सुरू करायच्या आत जायला हवं.

"मी येतो, बाई," गोळी म्हणाला. त्यानं गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, शटर ओढलं आणि बाईंना हात दिला. ज्याच्या काकांचं नाव त्या दगडावर होतं तो, आणि जिच्या भावाचं आता कधीच लागणार नव्हतं ती, अशी दोघं चौकाच्या दिशेनं निघाली.

बाबा त्यांच्यामागे चालू लागले. बाई थांबल्या. वळून त्यांनी बाबांकडे पाहिलं, रागानं नाही, नुसतं पाहिलं.

"तुम्ही नका येऊ," त्या म्हणाल्या.

बाबा रस्त्यात जिथे होते तिथेच थांबले. मीही थांबले. दुकानाबाहेर अडकलेल्या एका बाईनं मला विचारलं, हा परत कधी येईल, मला खोकल्याचं औषध हवं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही.